सात दिवसांची पाटी, सुभद्रा टॉकीज, आमगाव

मी, यादोराव सीताराम कापगते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा टॉकीज चालवणे, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पाठीमागे कोणी उभं नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. जीभ मात्र नाही. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, त्यापायी ती मागच्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी काढली, आणि आता दुखणं गळ्यात उतरलं आहे. डॉक्टर म्हणतात, होळी पाहाल. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला संक्रांतही दिसत नाही.

वकील लावलेला नाही. वकिलाने लिहिलं असतं तर कागद सुबक झाला असता, पण माझ्या शिव्या त्यात राहिल्या नसत्या. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर करण्याइतका वेळही नाही.

मुख्य गोष्ट आधीच लिहितो. सुभद्रा टॉकीज, तिची जागा, ऐंशी खुर्च्या, पडदा आणि मशीन मी धुरपता उदाराम नेवारे हिला देत आहे. ही बाई सहा वर्षांपासून माझ्या घरी स्वयंपाक करते, आणि वर्षभरापासून नाकातल्या नळीने मला पेज देते. पण त्याची बक्षिसी म्हणून मी टॉकीज देत नाही. तिचा नवरा उदाराम माझा गेटकीपर होता. नऊ डिसेंबर २०१२, रविवार, या दिवशी टॉकीजला आग लागली आणि चार माणसं मेली. त्यात त्या दोघांची एकुलती एक लेक गुंजन होती, वय दहा. दोष उदारामावर आला. तो दोष माझा होता. धुरपतेला हे आजही ठाऊक नाही. ते तिला कळावं यासाठी हा कागद आहे. बाकीची वाटणी मी जाता जाता उरकतो.

कलम १. राहतं घर, त्यातली भांडी, माझी वारलेली बायको सुभद्राबाई हिचे दागिने आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी राखी हिला. ती दुर्गला दिलेली आहे. जीभ गेल्यापासून ती रोज फोन करते, एकटीच बोलते, आणि मी फोनवर नखाने दोनदा टकटक करतो. एवढ्यावर तिचं समाधान होतं. माझं होत नाही, पण करता काय!

कलम २. चोरखमाऱ्याकडच्या गावातली धानाची जमीन माझा मुलगा भूपेंद्र याला. टॉकीज त्याला नाही, म्हणजे नाही. तो नागपूरहून आला की आधी टॉकीजच्या कंपाउंडला चक्कर मारतो आणि पावलांनी जागा मोजतो. दिवाळीला म्हणाला, "बाबा, लॉन काढू न. लग्नाच्या सीझनमध्ये एक दिवस खाली नाही जानार. कोन पाहते तुमच्या त्या फिल्मा?" मी पाटीवर लिहून दिलं, "मी पाहतो." तो हसला. भूपेंद्र, बेटा, तू कोर्टात जाशील हे मला माहीत आहे. जाण्याआधी कलम ५ ते ९ वाच आणि मग ठरव, की बापाचं हे सगळं भर कोर्टात मोठ्याने वाचून घ्यायचं आहे का.

कलम ३. टॉकीज मी कशी चालवली ते इथे लिहिणं भाग आहे, कारण पाप त्याच पद्धतीतून निघालं.

आम्ही कोहळी. तलाव बांधणं आणि तलावाचं पाणी वाटणं हे आमच्या रक्तात आहे असं लोक म्हणतात, आणि ते ऐकून आम्ही छाती फुगवतो. माझा आजा गावच्या तलावाचं पाणी सोडायचा, मग बाप. त्यांचा नियम एकच. शेवटच्या बांधीला पहिलं पाणी. तलावाला लागून ज्याचं शेत आहे त्याला पाणी कधीही मिळतं, म्हणून त्याच्या पाटाचं तोंड मातीने बंद ठेवायचं. पार टोकाचा शेतकरी भिजला, त्याने हाक दिली, की मगच वरच्याचं तोंड उघडायचं. मधे कोणी कितीही ओरडो, पाणी सोडणाऱ्याच्या हुकुमाशिवाय फावडं लावायचं नाही. यामुळे आमच्या गावात पाण्यावरून कधी डोकं फुटलं नाही.

मी टॉकीज घेतली तेव्हा हाच नियम आत आणला. फिल्मा लावताना आणला, ते चांगलं केलं. जी फिल्म कोणी मागत नाही, जी बोली कोणी पडद्यावर ऐकलेली नाही, तिची पाळी आधी. गर्दीच्या फिल्मेने शुक्रवारपर्यंत थांबावं. गोंदियाचे टॉकीजवाले मला येडा म्हणत. म्हणोत!

पण तोच नियम मी दारांनाही लावला. टॉकीजला दोन दारं. उजव्या बाजूला चिचगड, देवरी, सालेकसाकडून येणारे बसायचे, डाव्या बाजूला आमगावचे. मधे मी छातीएवढा पाट्यांचा कठडा ठोकला होता. खेळ संपला की मी मशीनखोलीतून पहिली घंटी वाजवायचो, मग उदाराम उजवं दार उघडायचा, कारण लांबच्यांना सहाची गाडी धरायची असे. ते निघाले की दुसरी घंटी, मग डावं दार. दोन्ही दारांना कडी बाहेरून. लाईन जाते म्हणून घंटी मी बॅटरीवर बसवली होती, ती कधी बंद पडली नाही. आमगावची पोरं डाव्या दारावर रोज लाथा मारायची. "उघड बे उदाराम, मुतायले जायचं आहे!" उदाराम बाहेरून शिव्या ऐकत हसायचा आणि घंटीची वाट पाहायचा. सोळा वर्षांत त्याने एकदाही घंटीआधी कडी काढली नाही. मी चारचौघांत त्याची तारीफ करायचो.

कलम ४. माझ्या मरणानंतर तेरवीचं जेवण घालू नये. गावाने माझ्या नावाने वडे खाऊ नयेत. त्याऐवजी सात दिवस टॉकीज उघडी ठेवावी, तिकीट नसावं. खेळांची पाटी मी रंगवून मशीनखोलीत उलटी ठेवली आहे. डिसेंबर २०१२ च्या त्या आठवड्याला जी पाटी होती, तीच आहे. तेव्हा रिळं होती, आता सगळं एका डब्बीत मावतं. ती डब्बी आणि कोणती फिल्म कशी लावायची याची वही धुरपतेला मिळावी.

सोमवार. जपानची, काळीपांढरी, तीन तासांची. एका गावातला धानाचा एक रोवणा ते कापणी, एवढीच गोष्ट. २०१२ ला माझ्या गावचे चाळीस जण ट्रॅक्टरने आले होते. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळले, आणि मग पडद्यावर बायका चिखलात वाकून रोवणा करत मागे मागे सरकायला लागल्या. एक म्हातारा उभाच राहिला, "अरे बापा, हे बी आपल्यासारखेच उलटे चालतेत!" त्यानंतर शेवटपर्यंत कोणी हललं नाही. ही फिल्म भूपेंद्रने बायकोसकट पाहावी, कारण ज्या जमिनीचा तो मालक होणार आहे तिच्यात त्याचा पाय वीस वर्षांत पडलेला नाही.

मंगळवार. छत्तीसगढी. सासू, दोन सुना आणि एकच खाट. अक्कल शोधू नये, हसावं. राइस मिलचे हमाल आणि त्यांच्या बायका या फिल्मेला यायच्या, आणि आमची सुभद्राबाई त्यांच्यात जाऊन बसायची. पोटाला हात लावून हसायची, मग घरी येऊन माझ्या आईवर राग काढायची. ही राखीसाठी. आई कशी हसत होती हे तिने विसरू नये.

बुधवार. धरणात बुडणाऱ्या एका गावाची. गाणं नाही, गोष्टही नाही, नुसती माणसं आपल्या घरांच्या चौकटी उपटून बैलगाडीत भरत राहतात. अकरा प्रेक्षक होते. केशोराव गुरुजी इंटरव्हलला मशीनखोलीत चढून आले आणि म्हणाले, "यादोराव, यातला हिरो कोनता?" गुरुजी, तुम्ही या कागदाचे साक्षीदार आहात, म्हणून जास्त लिहीत नाही. या खेपेला शेवटपर्यंत बसा.

गुरुवार. गोंडी. चिचगडच्या चार पोरांनी एका लग्नाच्या कॅमेऱ्याने काढलेली, चाळीस मिनिटांची. आवाज अर्धा वाऱ्यात गेला आहे आणि एका जागी कॅमेऱ्यासमोर बकरी येते. पण त्या दिवशी टॉकीजच्या आवारात सायकल ठेवायला जागा नव्हती. आपली बोली भिंतीएवढ्या माणसाच्या तोंडून ऐकली तेव्हा बाया तोंडाला पदर लावून रडल्या. टॉकीज काढल्याचं सार्थक मला एकदाच वाटलं, ते त्या दिवशी.

शुक्रवार. दक्षिणेकडची मारामारीची, हिंदीत केलेली. एक हिरो सत्तर माणसं मारतो. बाकीच्या सहा फिल्मा हिच्या जिवावर चालायच्या, म्हणून तिची थट्टा करू नये. ही मुन्नालालसाठी. तो गोंदियाचा, फिल्मा पुरवणाऱ्याचा एजंट, माझा तीस वर्षांचा दोस्त. त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शनिवार. लहान मुलांची, बल्गेरिया का कुठली. एकही बोल नाही. एक पोरगी आणि तिचं हरवलेलं बदक. शाळेच्या पोरांना फुकट. गुंजनने ही त्या शनिवारी लागोपाठ दोनदा पाहिली, आणि दुसऱ्यांदा सगळ्या ओळीला पुढचं सांगत बसली. "आता ते पुलाखाली जाते. भेऊ नोका, मरत नाही ते." मी मशीनखोलीतून ओरडलो, "ए गुंजे, गप!" ती वर पाहून हसली. धुरपते, ही फिल्म तुला पाहवणार नसेल तर शनिवारी टॉकीज बंद ठेव. कोणी विचारणार नाही.

रविवार. पोलंडची. युद्धातून न परतलेल्या पोरासाठी एक आई रोज ताट वाढून ठेवते, तिची. पाटीवर नाव आहे, पण ही दाखवायची नाही. रविवारी पडदा उघडावा, दिवे चालू ठेवावेत, दोन्ही दारं सताड उघडी ठेवावीत, आणि केशोराव गुरुजींनी पुढची कलमं गावाला वाचून दाखवावीत.

कलम ५. पोलंडच्या त्या फिल्मेसाठी मी पुण्याच्या एका संग्रहाला चार वर्षं पत्रं लिहिली होती. देशात तिची ती एकच प्रत होती. सहा डबे, लोखंडी. ते आले तेव्हा मी त्यांना हार घातला. सुभद्राबाई म्हणाली, "भूपेंद्र झाला तवा बी येवढे नोहते खुश झाले."

फिल्म पावणेसहाला संपली. मी पहिली घंटी दिली. उदारामाने उजवं दार उघडलं, लांबचे लोक निघायला लागले. तेवढ्यात डाव्या भिंतीवरच्या पंख्याच्या वायरीतून ठिणगी पडली. आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींना तरट ठोकलं होतं. ते वाळून खडखडीत झालं होतं. मशीनखोलीच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. आधी धूर, मग जाळ वर चढताना. खाली डाव्या बाजूला तीस-चाळीस माणसं होती. घंटीचं बटण माझ्या उजव्या हाताशी होतं, या टेबलावरच्या पेल्याइतकं जवळ.

मी ते दाबलं नाही. मी तीन डबे उचलले आणि मागच्या शिडीने खाली उतरलो. डबे अंगणात कडुनिंबाखाली ठेवले. मग मी परत वर गेलो.

या परत जाण्याबद्दल मला लिहायचं आहे. पहिली खेप मी भांबावून केली असं म्हणता येईल, आणि तेरा वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो. दुसरी खेप समजून-उमजून केली. वर गेलो तेव्हा दारावर लाथा आणि किंकाळ्या ऐकू येत होत्या. बटण पुन्हा माझ्यासमोर होतं. मला वाटलं, आधी हे तीन डबे घेतो, मग वाजवतो. मशीनवरचं रीळ काढून डब्यात घातलं, झाकणही नीट लावलं. तिन्ही डबे घेऊन उतरलो, तोवर खोलीत धूर भरला होता आणि मी पुन्हा वर गेलो नाही.

उदाराम बाहेर डाव्या दाराशी उभा होता, उजव्या दारातून पळणारे त्याला तिथून दिसत नव्हते. आतून लाथा बसत होत्या, पण त्या रोजच बसायच्या. आतून ओरडा होता, तोही रोजचाच. तो घंटीची वाट पाहत राहिला. दाराखालून धूर आला तेव्हा त्याने घंटीची वाट सोडून कडी काढली. बहुतेक माणसं कठडा ओलांडून किंवा त्या दाराने निघाली. चौघं नाही निघाली. गुंजन दारापासून हातभर अंतरावर सापडली.

कलम ६. त्या रात्री मुन्नालाल आला. मी ओट्यावर बसलो होतो, अंगाला जाळाचा वास. तो माझ्या कानाशी म्हणाला, "यादोरावजी, बोल दो कि घंटी बजाई थी। आप फँसे तो टॉकीज गई समझो। उसका क्या है, गरीब आदमी है, छूट जाएगा।" आणि मी बोललो. पोलिसांना बोललो, कोर्टात बोललो. "मी दुसरी घंटी वाजवली होती. त्याने ऐकली नाही."

मुन्नालालने सल्ला दिला, जीभ माझी होती. ती आता बरणीत गेली, तिचा हिशेब झाला. मुन्नालालला मी काही देत नाही. शुक्रवारी त्याने यावं आणि डाव्या बाजूला, दारापासून हातभर अंतरावर बसावं.

कलम ७. मला दंड झाला आणि टॉकीजला तीन वर्षं टाळं लागलं. उदारामाला दोन वर्षं कैद झाली. कोर्टात तो काय म्हणाला ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. आधी म्हणाला, "साहेब, घंटी नाही वाजली." मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, त्याच्याकडे पाहत राहिलो. तेव्हा तो म्हणाला, "पन मालक खोटं नाही बोलत. मंग माह्याच कानाले काही झालं असंन."

साऱ्या आमगावाने म्हटलं, याने पोटच्या पोरीला जाळलं. धुरपतेनेही तेच म्हटलं. ती त्याला सोडून भावाकडे राहायला गेली. तिला कोण बोल लावील? तिला जे सांगितलं गेलं, ते मी सांगितलं होतं.

तो २०१७ ला सुटला. आठ दिवसांनी माझ्याकडे आला, खुर्चीवर बसला नाही. गोंदियात कान तपासून आला होता. डॉक्टरने कान चांगले आहेत असं सांगितलं, म्हणून त्याचा गोंधळ झाला होता. मला म्हणाला, "मालक, मले पैसा नोको, नोकरी नोको. मी कोनाले सांगत बी नाही. मले एकडाव खरं सांगा. वाजली होती काय?"

कोर्ट नव्हतं. पोलीस नव्हते. खटला संपला होता. मला भ्यायचं काही कारण नव्हतं. सुभद्राबाई आत चहा करत होती.

मी म्हणालो, "वाजली होती, उदाराम."

त्याने मान हलवली. माझ्या पाया पडला आणि गेला. २०१९ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्टेशनच्या बाकावर मेलेला सापडला. कावीळ झाली होती. आपल्या लेकीला आपणच मारलं असं समजून तो मेला. चौघांचं मरण मी एक वेळ आगीवर ढकलीन, पण हे पाचवं मी माझ्या तोंडाने केलं आहे.

त्या दिवशी चहा आणून ठेवताना सुभद्राबाईने मला विचारलं होतं, "खरंच वाजवली होती का?" मी म्हणालो, "तू बी आता?" तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण उदाराम मेल्यावर ती स्वतः भावाच्या घरी जाऊन धुरपतेला आमच्याकडे घेऊन आली, आणि मरताना मला म्हणाली, "या बाईले कधी जा म्हनू नका." तिला काय कळलं होतं आणि किती, हे मी तिला विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

कलम ८. पुण्याच्या संग्रहाला मी कळवलं, की प्रत जळाली. वाचवली म्हणालो असतो, तर कधी वाचवली हा प्रश्न आला असता. सहाही डबे माझ्या घरात, धानाच्या कोठीमागे, लाकडी पेटीत आहेत. वर गोधडी आहे. धुरपता त्या पेटीवर उभी राहून जाळी काढते. मी खाटेवरून पाहत असतो.

ते डबे पुराव्यासाठी धुरपतेच्या ताब्यात द्यावेत. पोलिसात न्यायचे, पुण्याला पाठवायचे की विहिरीत टाकायचे, हे तिने ठरवावं. मी मेल्यावरही खटला उघडता येत असेल तर तो उघडावा आणि उदाराम नेवारे याच्या नावावरचा डाग काढावा, ही माझी कोर्टाला विनंती आहे. हे कलम माझा कबुलीजबाब समजावा. मी शुद्धीत लिहिलं आहे, औषध घेण्याआधी.

कलम ९. धुरपतेने टॉकीज चालवावीच अशी अट नाही. विकावी, पाडावी, गोठा करावा. भूपेंद्रला लॉनसाठी दिली तरी माझी हरकत नाही, फक्त त्याने ती तिच्याकडून मागून घ्यावी. अट एकच, आणि ती कोणाच्याही हाती जागा गेली तरी राहील. त्या जागेला बाहेरून कडी नसावी.

कलम १०. आधी ठरवलं होतं, की हा कागद मी मेल्यावर उघडावा. गुरुजींकडे पाकीट देऊन मोकळं व्हावं आणि मरून जावं. चार दिवस पाकीट उशाशी होतं. काल धुरपता नळीतून पेज सोडत होती आणि म्हणाली, "मालक, तुमी होते म्हनून मले आसरा भेटला. नाही तर त्या मानसानं मले कोठची ठेवली नोहती." मी पाटी मागितली आणि लिहायला घेतलं, पण तिला वाचता येत नाही. तिने पाटीकडे पाहिलं, हसली, आणि मीठ कमी झालं का विचारलं.

मेल्यावर सांगणं म्हणजे पुन्हा डबे उचलून मागच्या शिडीने उतरणं आहे. तेव्हा हा कागद आज, माझ्या डोळ्यांदेखत, मी सही करण्याआधी, केशोराव गुरुजींनी तिला वाचून दाखवावा. तिला मला जे काही म्हणायचं असेल ते म्हणावं. तिने मला टाकून जायचं ठरवलं तर आशा कार्यकर्ती अंजूने दवाखान्यात कळवावं, तिला कोणी अडवू नये.

मी माफी मागत नाही. मागायची ती ज्याच्याजवळ मागायची, तो माझ्या पाया पडून गेला.

येणेप्रमाणे दहा कलमं मी लिहून पुरी केली आहेत. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही, नशा नाही.

साक्षीदाराची नोंद, केशोराव डोंगरवार, निवृत्त शिक्षक, यांच्या हस्ताक्षरात:

वरील मजकूर मी आज दुपारी यादोराव कापगते यांच्या समक्ष, त्यांच्या घरी, श्रीमती धुरपता उदाराम नेवारे यांना पहिल्या शब्दापासून वाचून दाखवला. आशा कार्यकर्ती अंजू मेश्राम हजर होत्या. यादोराव पूर्ण वेळ उशीला टेकून जागे होते.

वाचून झाल्यावर धुरपताबाईंनी कलम सात पुन्हा वाचायला सांगितलं. ते मी वाचलं. त्यानंतर त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावं अशी यादोरावांनी हाताने खूण केली, म्हणून लिहितो.

"पोळ्याच्या दिवशी, सांजच्या पारी, तो माह्या भावाच्या घरी आलता. पिवळा पडला होता म्हनत लोकं, मी त्याच्या तोंडाकडं नाही पाह्यलं. पानी मांगे. मी कडी नाही काढली. आतूनच म्हनलं, पोरीले मारून आता पानी मांगतं काय, जाय. तो म्हने, होय धुरपता, मीनंच मारलं. मंग गेला."

एवढं बोलून त्या उठल्या, खाटेजवळ आल्या आणि यादोरावांच्या हातात पेन दिला. सहा वर्षांत मी त्यांना या घरात ‘मालक’ याशिवाय दुसरी हाक मारताना ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या,

"सही कर, यादोराव."

लिहून देणार: यादोराव सीताराम कापगते (सही)

साक्षीदार:
१. केशोराव डोंगरवार, निवृत्त शिक्षक, आमगाव (सही)
२. अंजू मेश्राम, आशा कार्यकर्ती, आमगाव (सही)

ठिकाण: आमगाव, जिल्हा गोंदिया
मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५